मल्टीबूटकाका

1985 साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या जोडीने बजाजनगर वाढत गेलं. जालना, बीड, परभणी, बुलडाणा अशी चहूकडून माणसं आली, पाळीला लागली, प्लॉट घेतला, घर बांधलं, वर दोन खोल्या काढून भाड्याने दिल्या. टूलरूममध्ये नाहीतर मेंटेनन्सला हयात काढलेला एक गृहस्थ इथल्या बहुतेक गल्ल्यांत असतो. मोहटादेवी चौकातून आत वळा आणि ‘कॉम्प्युटरवाले काका’ विचारा. घर दाखवणारा बोट दाखवून वर एवढंच म्हणेल, ‘‘घाई असेल तर जाऊ नका.’’

काकांच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर चार ऑपरेटिंग सिस्टिम नांदतात. विंडोज एक्सपी आहे, कारण कंपनीतल्या एका जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर तिच्यावरच चालायचं. मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 ला एक्सपीची देखभाल थांबवली, मशीन भंगारात गेलं, काका निवृत्त झाले, एक्सपी आहे. दुसरी विंडोज 10, काकूंसाठी. तिचीही मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि विंडोज 11 ला लागणारी टीपीएम चिप या डब्यात नाही. मग तिसरी, लिनक्सवरची उबुंटू आली. चौथी सी-डॅकची बॉस लिनक्स. ती आपल्या देशाची म्हणून ठेवली आहे आणि 15 ऑगस्ट व 26 जानेवारीला न चुकता चालू केली जाते.

आता ही मंडळी एका डिस्कवर बसवायची कशी? जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कचे मुख्य हिस्से चारच पडतात. जास्त हवे असतील तर त्यातला एक ‘एक्स्टेंडेड’ करायचा आणि त्याच्या पोटात आणखी हिस्से पाडायचे. गावाकडे बापाच्या तीन एकरांची चौघा भावांत वाटणी झालेली ज्याने पाहिली, त्याला पोटहिस्सा समजावून सांगावा लागत नाही. काका डिस्कची वाटणी तलाठ्याच्या गांभीर्याने करतात. विंडोज आधी बसवायची, लिनक्स मागून, हा त्यांचा दंडक. कारण थोरली मागून आली तर डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला बूटलोडर पुसून स्वतःचा लिहिते आणि धाकट्यांची नावं सातबाऱ्यावरून उडतात. जमीन जागेवरच असते, कागदावर दिसत नाही एवढंच. मग काका पेनड्राइव्हवरून उबुंटू चालू करतात, ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर पुन्हा बसवतात आणि फेरफार मंजूर झाल्यासारखे चहा मागवतात. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोजवर 128 हिस्से पाडता येतात, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलेलं नाही.

वर भाड्याने राहणारा इंजिनिअर मुलगा एकदा म्हणाला, ‘‘काका, व्हर्च्युअल मशीन टाका ना. एका सिस्टिमच्या आत दुसरी चालते. वाटणी नको, काही नको.’’

‘‘म्हणजे भाडेकरू,’’ काका म्हणाले. ‘‘आज ना उद्या प्रत्येकाला स्वतःची जागा लागतेच.’’

पोरगं गप्प बसलं. करार पुढच्याच महिन्यात संपत होता.

खरी गंमत घड्याळाची. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरते, लिनक्स जागतिक वेळ. दोन्हींत आपला साडेपाच तासांचा फरक. रात्री उबुंटू बंद करून पहाटे विंडोज लावली, की इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होईपर्यंत सहाच्या पाळीला पडद्यावर रात्रीचे साडेबारा. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत काकू काकांना भिंतीवरचं घड्याळ बघून उठवायच्या आणि काका ‘‘अजून खूप वेळ आहे’’ म्हणत पडद्याकडे बोट दाखवायचे. यावर एका ओळीची कमांड आहे आणि ती काकांना तोंडपाठ आहे. ते देत नाहीत. दिली तर आल्यागेल्याला ग्रीनिच समजावून सांगायची सोय राहत नाही.

काकूंचा या सगळ्याशी संबंध महिन्यातून एकदा येतो.

‘‘अहो, लाइटबिल भरायचंय. कितव्या ओळीवर एंटर मारू?’’

‘‘तिसऱ्या. थांब थांब, काल बॉस परत टाकली. आता पाचव्या.’’

एवढ्यात ग्रबचे दहा सेकंद संपतात आणि उबुंटू आपली आपण चालू होते. काकू मोबाइलवरून बिल भरतात.

मग काका या चार सिस्टिमवर करतात काय? उबुंटूत बसून विंडोजच्या फाइली दिसतात का ते बघतात. विंडोजमध्ये बसून पुढची उबुंटू उतरवून घेतात. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती येते, तेव्हा काकूंनी माहेरचा बेत आखलेला असतो. एक साधं पत्र टाइप करायची वेळ आली, की काका चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जातात.

पण गल्लीत कुणाचा लॅपटॉप बसला, दुकानदाराने ‘‘फॉरमॅट मारावं लागेल, डेटा जाईल’’ असं सांगितलं आणि त्यात बहिणीच्या लग्नाचे फोटो अडकले, की लोक काकांचंच दार वाजवतात. काका खिशातला पेनड्राइव्ह लावतात, विंडोजला न उठवता लिनक्समधून डिस्क उघडतात आणि फोटो एकेक बाहेर काढतात. तेव्हा ते बोलत नाहीत. एका शब्दाने ग्रीनिच निघत नाही. पैसे विचारलेत तर चिडतात. तीस वर्षं बंद मशीनसमोर उभं राहून ‘कुठे अडलंय’ हे शोधलेल्या माणसाचा तो चेहरा असतो, आणि त्या अर्ध्या तासापुरता मला त्यांच्याबद्दल शुद्ध आदर वाटतो.

पुढे घोटाळा होतो. डिस्कवर ‘‘थोडी जागा पडीक दिसली’’ म्हणून काका त्यात गुपचूप उबुंटू पेरून देतात. त्यासाठी बूटच्या सेटिंगमध्ये हात घातला, की नव्या लॅपटॉपच्या डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर सावध होतं आणि 48 आकडी किल्ली मागतं. ती किल्ली मालकाने कधी पाहिलेली नसते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या त्या खात्यात असते, ज्याचा पासवर्ड लॅपटॉप विकणाऱ्या पोराने टाकला होता.

तेव्हा वाचकहो, काकांकडे अवश्य जा. फोटो काढून देण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. जाण्याआधी बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून घ्या. आणि फोटो हाती आले, की लॅपटॉप उचला आणि निघा. चहाला थांबू नका.