पोल बसत नसेल तर : सहकुटुंब तंबू उभारणीचे पहिले धडे

ज्या कुटुंबाने सेलमध्ये 'चार जणांचा' तंबू घेतला आहे, शनिवारी पवनेच्या काठी जायचं ठरवलं आहे आणि ज्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला हे सगळं आधीच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. अनुभवी गिर्यारोहकांनी वाचू नये. त्यांना सगळं येतं, आणि ते तसं सांगतातही.

साहित्य

तंबू, एक. फायबरग्लासचे पोल, दोन. तिसरा निघालाच तर तो बहुधा दारावरच्या छपरीचा असतो. तो आत्ताच बाजूला ठेवा. मोजायचा टेप. रंगीत चिकटपट्टी. चार मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी, दोन-तीन मीटर. माहितीपत्रक न वाचता कामाला लागणारा एक कुटुंबप्रमुख. माहितीपत्रक वाचलेली, पण कोणीही काही न विचारलेली एक व्यक्ती.

पायरी 1 : जागा

पहिला प्रयोग घरीच करायचा, पवनेला नाही. तिथे वारा असतो आणि शेजारच्या तंबूतले लोक चहाचे कप हातात घेऊन बघत असतात.

आता हिशोब. चार जणांच्या साध्या घुमटी तंबूची जमीन साधारण 7 बाय 8 फूट. म्हणजे तो अंधेरीच्या 10 बाय 12च्या हॉलमध्ये मावतो. पोल मावत नाही. कमान होऊन तो कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जायचा असतो, त्यामुळे सरळ जोडल्यावर चौदा-पंधरा फूट भरतो. तुमच्या हॉलचा कर्ण साडेपंधरा फूट. पायथागोरस पास झाला, पण त्याने सोफा आणि शोकेस धरलेलं नव्हतं. शिवाय वर पंखा आहे. तो आधी बंद करा.

म्हणून गच्ची. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि 'कशासाठी?' हा प्रश्नही त्यांच्याकडेच असतो. खरं उत्तर द्या; दुसरं कुठलंही उत्तर जास्त संशयास्पद वाटतं. गच्चीत खुंट्या ठोकायच्या नाहीत, खालच्यांच्या घरात आधीच गळतं. चारही कोपऱ्यांना पाण्याचे वीस लिटरचे भरलेले जार बांधा.

"मग गिल्बर्ट हिलवर जाऊ, मोकळी हवा तरी आहे," असं मुलं म्हणतील. नेऊ नका. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसून तडकला आणि तिथे बेसॉल्टचे 61 मीटर उंच खांब उभे राहिले. ते खांब अजून जागचे हललेले नाहीत, तुमचा पोल पाच मिनिटं उभा राहत नाही. मुलांसमोर ही तुलना नको.

पायरी 2 : निदान

पोल समोरच्या कोपऱ्यातल्या रिंगेत जात नाही. कोणीतरी जाहीर करतं, "पोल लांब आहे." कंपनीने फसवलं, असा ठराव लगेच एकमताने मंजूर होतो. त्याआधी एवढं तपासा.

एक : पोलचे तुकडे एकमेकांत पूर्ण बसलेत का? सात तुकड्यांच्या पोलला सहा सांधे. प्रत्येक सांधा एक सेंटिमीटर उघडा राहिला तरी पोल सहा सेंटिमीटर वाढला. असा अर्धवट सांधा वाकवला की धातूच्या नळीच्या तोंडाशी फायबरग्लास उभा चिरतो. प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवा.

दोन : तंबूच्या नेफ्यातून पोल ढकलायचा असतो, ओढायचा नसतो. आत फक्त इलॅस्टिक आहे. पुढून कोणी उत्साहाने ओढलं की सगळे सांधे नेफ्याच्या आत सुटतात. ओढणाऱ्या व्यक्तीला दुसरं काम द्या. जार भरायचे आहेतच.

तीन : दोन्ही पोल तिरपे, एकमेकांना छेदून गेले आहेत ना? एका बाजूच्या दोन कोपऱ्यांत एकच पोल बसवला तर तो फार लांब भरणारच. बिचारा भलत्याच ठिकाणी इमानदारीने काम करतोय.

चार : दाराच्या चेन लावल्या का? उघड्या दाराने कापड फाकतं आणि मापं बिघडतात. तळ आधीच घट्ट ताणून बांधला असेल तर एक कोपरा सोडा, पोल बसवा, मग बांधा.

पाच : दोन्ही पोल शेजारी ठेवून टेपने मोजा. साध्या घुमटी तंबूत ते सारखे असतात. हातभर फरक निघाला तर थेट पायरी 5 गाठा.

पायरी 3 : कापू नका, बांधा

इतकं करूनही पोल दोन-तीन बोटं लांब पडतोय, अशा वेळी पहिल्या मजल्यावरचे काका करवत घेऊन वर येतात. काकांना चहा द्या. करवत घेऊन ठेवा.

इथे गणपतीचे मंडप बांधणाऱ्यांची आठवण करावी. आझाद नगरात 1966पासून बसणाऱ्या अंधेरीच्या राजाचं विसर्जन अनंत चतुर्दशीला होत नाही, त्यानंतरच्या संकष्टीला होतं; म्हणजे तिथल्या मंडपाला इतरांपेक्षा चार-पाच दिवस जास्त उभं राहायचं असतं, तेही भाद्रपदातल्या पावसात. बांबूचा मंडप बांधणारा मात्र कधी 'बांबू बसत नाही' म्हणत नाही. दोन बांबू कधीच सारखे नसतात, हे त्याने धरलेलंच असतं. जास्तीचा बांबू वर डोकावतो, कमी पडला तर दुसरा जोडला जातो. माप बांबूत नसतं, गाठीत असतं.

तुम्हीही तेच करा. कोपऱ्याच्या पट्टीवर दोन रिंगा असतील तर पोल लांब पडताना बाहेरची वापरा, आखूड पडताना आतली. एकच रिंग असेल तर तिच्यात दोरीचा दुहेरी फास घाला आणि पोलचं टोक त्या फासात अडकवा. पट्टी दोन बोटं लांबली, म्हणजे पोल दोन बोटं आखूड झाला. पोल कापला की कापलाच. गाठ उद्या सोडता येते. टोक फासातून निसटत असेल तर त्यावर चिकटपट्टीचे चार-पाच वेढे द्या.

पायरी 4 : मोडलाच तर

चिरलेल्या जागेवर जेमतेम सरकेल अशी अ‍ॅल्युमिनियमची वीतभर नळी हार्डवेअरच्या दुकानातून आणा, भेगेच्या मधोमध बसवा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळा. फायबरग्लासची कुसळं उघड्या हाताने काढू नका. ती बोटात शिरतात आणि सोमवारपर्यंत ऑफिसात सोबत करतात. इलॅस्टिक तुटलं असेल तर गोल इलॅस्टिक बारीक तारेला बांधून ओवा. पावसाळ्यात फुटपाथवर बसणारा छत्रीवाला हे काम आपल्यापेक्षा निम्म्या वेळात करतो आणि भाषण देत नाही.

शंका-समाधान

*तंबू उभा राहिला, पण तिरका दिसतो.* आतून बघा.

*चार जणांचा आहे, तर सामान कुठे ठेवायचं?* चौथ्या माणसाच्या जागी.

*घडी कशी घालायची?* पोल मधल्या सांध्यापासून दुमडायला घ्या, म्हणजे इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण येतो. तंबू पिशवीत परत जाईल का, हा वेगळ्या मार्गदर्शनाचा विषय आहे.

पायरी 5 : तिसरा मजला

एक पोल हातभर लांब निघाला? मग आठवा : गेल्या खेपेला पवनेला कोणाबरोबर गेला होतात? तिसऱ्या मजल्यावरच्यांबरोबर. त्यांचाही तंबू त्याच सेलमधला, तोच निळा रंग, फक्त सहा जणांचा. रविवारी सकाळी पाऊस आला आणि दोन्ही घरांनी मिळून घाईघाईत आवराआवर केली.

खाली जा, बेल वाजवा. त्यांनीही एव्हाना कंपनीला एक तारा देऊन झालेला असेल. चारही पोल त्यांच्या हॉलमध्ये तिरपे मांडून मोजा, आपल्या दोघांना लाल आणि त्यांच्या दोघांना पिवळी चिकटपट्टी लावा. त्या दिवशी पोल कोणी भरले, हा विषय मात्र काढू नका. शनिवारी गाडी त्यांचीच न्यायची आहे.