टोपीखालची घाई

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी-खानापूर पट्ट्यातली पोरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. कोणी तमिळनाडूत सोनं गाळतो, कोणी केरळात, कोणी दिल्लीत. लग्नाचं वय झालं की घरून फोन जातो, "ये, स्थळ बघायचंय." हल्ली त्याच्या पाठोपाठ दुसरा निरोप असतो, "येण्याआधी त्या केसांचं काय तरी कर बाबा."

मला आज या दुसऱ्या निरोपाशी भांडायचं आहे.

आमच्या या माणदेशात मुलाला मुलगी मिळणं आधीच अवघड झालंय. रान किती, टेंभू योजनेचं पाणी पोचलंय का, नोकरी कुठं, घर कुणाच्या नावावर, सगळी उलटतपासणी होते. त्यात आता कपाळ किती मागं सरकलंय हेही बघितलं जातं. हातात कसब असलेला, निर्व्यसनी, पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा फोटोत टोपी घालून उभा राहतो, कारण मध्यस्थानं तसं सांगितलेलं असतं. लग्नसराई दोन महिन्यांवर आलेली असते आणि त्याला दोन महिन्यांत केस हवे असतात. दोन महिन्यांत केस देणारं औषध जगात नाही. तसं वचन देणारी दुकानं मात्र भरपूर आहेत.

पहिला प्रश्न कुणी विचारतच नाही. केस नेमके कशानं गेले? टायफॉइड, डेंगी, मोठं ऑपरेशन किंवा बाळंतपण झालं की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीनं येतात. मुळं जिवंत असतात, बहुतेकांचे केस काही महिन्यांत आपोआप भरून येतात. चाई पडली तर शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. तिथं कांदा-लसूण घासून कातडी भाजून घेण्यात अर्थ नाही, त्यावर डॉक्टरांकडं वेगळा इलाज आहे. थायरॉइड बिघडलं, अंगात लोह कमी पडलं तरी केस जातात. आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून नि टाळूवरून हळूहळू विरळ होत जाणारं टक्कल आनुवंशिक. ते आईकडूनही येतं, वडिलांकडूनही. पुरुषी संप्रेरकापासून बनणारं डीएचटी नावाचं द्रव्य तिथली मुळं बारीक करत नेतं.

आपल्याकडं मात्र आरोपी आधीच ठरलेला असतो: पाणी. बोअरचं पाणी जड आहे, म्हणून केस गेले. जड पाण्यानं केस राठ होतात, तुटतात, हे खरं. पण ठरावीक जागीच मुळापासून टक्कल पाडायचं काम पाणी करत नाही. तसं असतं तर एकाच टाकीचं पाणी वापरणाऱ्या घरात बहिणीची वेणी शाबूत आणि भावाचं कपाळ मोकळं असं दिसलं नसतं.

बुलडाण्याची गोष्ट इथं आठवावी. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक झडू लागले. काही दिवसांत डोकी मोकळी झाली, त्यात बाया होत्या, शाळकरी मुलं होती. आधी संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी, केस आणि गावात खाल्ला जाणारा गहू तपासायला दिला. सेलेनियम प्रमाणाबाहेर वाढलेलं आणि झिंक घटलेलं त्यांना आढळलं, आणि त्यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हावर. पुढं बऱ्याच जणांचे केस परतही आले. त्या गावांनी शाम्पू बदलून आणि तेल चोळून काय मिळवलं असतं? तपासणी झाली म्हणून कारणाचा माग लागला. आटपाडीतल्या एकट्यादुकट्या पोरालाही तोच हक्क आहे.

आता तेलवाल्यांकडं येतो. यात्रेत, बाजारात, आणि सगळ्यात जास्त मोबाइलवर, टकलावर केस उगवणारं तेल विकलं जातं. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांना 'जे' नावाचं परिशिष्ट जोडलेलं आहे. ज्या आजारांवर 'बरा करतो' असा दावा औषधाला करता येत नाही, त्यांची ती यादी. तिच्यात कर्करोग आहे, अंधत्व आहे आणि टक्कलही आहे. म्हणजे बाटलीवर 'टक्कल घालवणारच' असं छापणारा माणूस आधी कायदा मोडतो, मग तुमचा खिसा कापतो. त्याला दोन हजार रुपये देण्याआधी एवढं तरी ध्यानात असू द्या.

ज्यांचा परिणाम तपासून सिद्ध झालाय अशी जुनी औषधं मुख्यतः दोन. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढू लागली, त्यातून डोक्याला लावायचं द्रावण निघालं आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते लावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात. तिथंच पोरं घाबरून बाटली फेकतात. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, खरा हिशेब वर्षानं करायचा, आणि बंद केलं की मिळवलेलं जातं. दुसरं फिनास्टेराइड. आधी प्रोस्टेटसाठी आलं, मग १ मिलिग्रॅमच्या गोळीला १९९७ मध्ये पुरुषांच्या टकलासाठी मान्यता मिळाली. ते डीएचटी कमी करतं. थोड्या पुरुषांना त्यानं कामेच्छा कमी होणं, मन खचणं असे त्रास होतात. गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नसतं. गरोदर बाईनं तिचा चुरा हाताळायचा नसतो. हे सगळं सांगणारा डॉक्टर हवा. मेडिकलच्या काउंटरवर मित्राच्या नावानं मागायची ही गोळी नव्हे. आणि लग्न ठरत असताना ती चालू असेल तर होणाऱ्या बायकोला ते आधी ठाऊक असलं पाहिजे.

शस्त्रक्रियेबद्दल तर मी हात जोडून सांगतो. केशरोपण म्हणजे कांद्याचं रोप एका वाफ्यातून उपटून दुसऱ्यात लावणं. रोपांची संख्या वाढत नाही, फक्त जागा बदलते. डोक्याच्या मागची शिल्लक एकदा संपली की संपली. बाविसाव्या वर्षी कर्ज काढून कपाळावर दाट ओळ बसवून घेतली आणि टाळूवरचे मूळचे केस पुढच्या दहा वर्षांत जातच राहिले, तर पुढं केस आणि मागं मोकळं रान असं डोकं उरतं. लावलेले केसही पहिल्या महिन्यात बहुतेक गळतात आणि पूर्ण रूप दिसायला वर्ष जातं. मे महिन्याच्या लग्नासाठी मार्चमध्ये रोपण करून घेणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

शिवाय ही शस्त्रक्रिया आहे, कटिंग-दाढी नव्हे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकानं एकाच बैठकीत हजारोंनी केस लावून घेतले आणि सुमारे दोन दिवसांत तीव्र ॲलर्जीच्या झटक्यानं त्याचा जीव गेला. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलं की अशी शस्त्रक्रिया रीतसर शल्यप्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनंच करायची, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकलेलं चालणार नाही. सुई कोण धरणार, त्याची पदवी काय, झटका आला तर ऑक्सिजन नि भूलतज्ज्ञ जागेवर आहे का, हे विचारायला लाजू नका. विचारल्यावर चिडणाऱ्या माणसाकडून उठून या.

बायांचं दुखणं तर घराबाहेरच येत नाही. केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली की भिंतीच्या फटीत जपलेले गुंतवळ बाहेर निघतात. यंदा गुंतवळ जास्त का, हे घरात कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के बाया रक्तक्षयी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनं (२०१९-२१) नोंदवलं. निम्म्याहून जास्त! केस गळतात म्हणून तिला तेल आणून देणाऱ्या नवऱ्यानं तिचं हिमोग्लोबिन एकदा तपासून आणावं. तिच्या धापेचं नि थकव्याचं कारणही तिथंच सापडू शकतं.

आणि काहीच न करणं, हाही पूर्ण मानाचा पर्याय आहे. आनुवंशिक टकलानं कुणाचं काम अडत नाही, आयुष्य घटत नाही. केस बारीक कापावेत आणि माणदेशाच्या उन्हात बाहेर पडताना टोपी घालावी, ती टाळू भाजू नये म्हणून. फोटोत ती काढावी. ज्या घराला फोटोतलं कपाळ बघून मुलगा नको वाटतो, त्या घरातल्या मामाच्या टोपीखाली काय आहे ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. त्या मामाचं लग्न झालं, संसार झाला, नातवंडं झाली. नकार द्यायचाच तर व्यसनाला द्या, हात उचलणाऱ्याला द्या.

एक मागणी करून थांबतो. केसांचं खरं कारण कळावं म्हणून सांगली-मिरजेला जायचं तर गरिबाचा दिवस आणि मजुरी दोन्ही बुडतात. म्हणून तालुक्यातली पोरं जवळच्या बाटलीकडं वळतात. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून ठरलेल्या एका बाजाराच्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञ बसला पाहिजे, आणि त्या तारखा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिल्या गेल्या पाहिजेत. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी मांडा. टोपी काढून मांडा.