रंगीनं तुरा उतरवला

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका. तार लागेल हं, जपून. आमगावात ही गोष्ट आता कुणाला माहीत नाही असं नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलीय, म्हणून सांगते.

पलीकडच्या मास्तरीणबाईंनी गोंदियाहून गिरिराज कोंबडी आणली ना... आणली म्हणजे काय, वरातच! "बंगळुरूच्या व्हेटर्नरी कॉलेजात तयार झालेली जात आहे, तुमच्या गावठ्या हिच्यापुढे काय," माझ्यादेखत म्हणाल्या बरं का. थोराड अंग, चाल अशी जणू तहसीलदारीण निघालीय. आणि सोडली कधी? मंडईच्या दिवशी, भर दुपारी, अंगणभर पाहुण्यांसमोर! अहो, नवी कोंबडी रात्री सोडतात, बाकीच्या दांडीवर पेंगत असताना, त्यांच्या शेजारी. सकाळी तंटा होतोच, पण जरा बेतानं. आमच्या सासूबाई असत्या तर... जाऊ द्या.

तर काय सांगत होते, त्यांची ती रंगी नाही का, मूठभर जीव, ती पुढे झाली. मानेची पिसं फुगवली अन् टच्‌! थेट तुऱ्यावर. गिरिराजबाई दोन पावलं मागे. पुन्हा टच्‌! ती एवढी मोठी बया धानाच्या पोत्यांमागे शिरली हो! पोट्टे खदाखदा हसले. मास्तरीणबाईंचं तोंड? हातातली कनकीची परडी तशीच राहिली. मी पदर तोंडात कोंबला.

कोंबड्यांत अंगाला कोण विचारतं! घरची जुनी कोण, तुरा कुणाचा लालभडक, पिलं कुणामागे आहेत, तिखट कोण, हे बघतात. पिसं झडायला लागली की थोरलीसुद्धा खाली घसरते. एकदा ठरलं की मग रोज मारामारी नाही, वरचीनं नुसती मान उचलली तरी खालची बाजूला होते. तुमचं ऑफिसातलं 'पेकिंग ऑर्डर' आलं कुठून? या खुराड्यातूनच. नॉर्वेचा एक श्येल्डरुप-एब्बे म्हणून माणूस, लहानपणापासून कोंबड्या बघून टिपत बसायचा, 1922 साली छापलंन सगळं. पुरुषमाणूस कोंबड्यांची भांडणं बघत बसतो म्हणजे बघा.

आणि त्यानं लिहिलंय तेच इथं झालंय! मला वाटलं, रंगी सगळ्यांवर. छे. रंगी गिरिराजला टोचते, गिरिराज आता त्यांच्याच काळ्या कोंबडीला टोचते... आणि काळी कुणाला? रंगीला! काळी आली की रंगी मुकाट पाण्याच्या भांड्यावरून हलते. आता थोरली कोण, सांगा बरं. घरातल्या जावांसारखंच की... नाही, मी कुणाचं नाव घेतलं नाही हं.

त्यांच्या कोंबड्याचं तर बोलूच नका. दाणा दिसला की कुक्‌ कुक्‌ करून बायकांना बोलावतो, चोचीत उचलतो, परत खाली टाकतो, केवढा दिलदार! पण कधीकधी तिथं काहीच नसतं हो. जुन्या ढुंकूनही बघत नाहीत. गिरिराज बिचारी परवा धावत गेली, तर खडा!

काल मी कुंपणावरून म्हटलं, "बाई, कनकी दोन ताटल्यांत टाका, लांब लांब. गिरिराजच्या पोटात काहीच जात नाही." त्यावर, "आम्हाला समजतं," असं फणकाऱ्यानं. आणि आज सकाळी बघते तर दोन ताटल्या! एक तुळशीजवळ, एक न्हाणीपाशी.

सातला टाकतात. उद्या चहाला या, आमच्या पायरीवरून सगळं दिसतं. फक्त हसायचं नाही.