अथ ठिपकामीमांसा

कोल्हापुरात एखादा विषय वादाला घेतला की निकाल लागेपर्यंत माणसं उठत नाहीत, आणि निकाल लागला तरी उठत नाहीत. रंकाळ्याच्या कठड्यावर जेवणं आटोपून भरणाऱ्या विद्वत्सभेपुढे सध्या असाच एक मुरलेला विषय आहे : अवकाशयानांतून टिपलेल्या चित्रफितींत सरसर पळणारे पांढरे ठिपके म्हणजे नेमकं काय? कुणाच्या तरी पुतण्याने मोबाइल पुढे धरला, ठिपका वळला आणि 'तबकडी हाय ती, तबकडी!' ही श्रुती प्रकट झाली. प्रस्तुत प्रबंध हे त्या श्रुतीवरचं भाष्य.

आधी लक्षण. जो दिसतो पण किती लांब आहे हे कळत नाही, तो ठिपका. अंतर कळत नाही म्हणून आकार कळत नाही, आकार कळत नाही म्हणून वेग कळत नाही. आणि तिन्ही कळत नसलं की मत फार पक्कं होतं.

आता पूर्वपक्ष. १५ सप्टेंबर १९९१, डिस्कव्हरी हे शटल यान, मोहीम एसटीएस-४८. क्षितिजाजवळून एक ठिपका संथ चालला आहे. अचानक पडदाभर उजेड चमकतो, ठिपका काटकोनात म्हणावा असा वळतो आणि सुसाट निघून जातो. पूर्वपक्षी म्हणतात, खालून कुणीतरी तोफ डागली आणि पाहुण्याने गाडी वळवली. निर्जीव वस्तू अशी वळेल होय? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. नेब्रास्कातल्या एका भौतिकीच्या प्राध्यापकांनीही गणितं मांडून तबकडीवाल्यांची बाजू लढवली आहे. (क्षितिजावरचा फिकट पट्टा ही वातावरणाची रात्रप्रभा. तिचा अभ्यास आपल्या पन्हाळ्यावर शिवाजी विद्यापीठाच्या अवकाश संशोधन केंद्रात होतो, तेव्हा ती तरी परग्रहाची नव्हे.)

उत्तरपक्षाचे आचार्य जेम्स ओबर्ग. शटलच्या नियंत्रण कक्षात नोकरी केलेला माणूस, त्यामुळे यानाच्या खोडी त्यांना पाठ. ते सांगतात, यानाचं तोंड नीट राखायला त्यावर लहानमोठी ४४ झोतयंत्रं असायची. चमकला तो त्यातलाच एक झोत. यानाजवळ तरंगणारा बर्फाचा कण त्या झोताच्या माऱ्यात सापडला आणि उडाला. बर्फ आला कुठून? यानातून बाहेर सोडलेलं पाणी गोठतं, तिथून. आणि दिसला का? नुकतंच उजाडलं होतं, यानावर ऊन होतं, खालची पृथ्वी अजून अंधारात होती.

हे शेवटचं कलम कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस अंबाबाईचा किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. यंदा ते कमरेशीच का थांबले, ढगामुळे, धुळीमुळे की वाटेतल्या इमारतींमुळे, यावर इथल्या रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येकाचा स्वतंत्र प्रबंध तयार असतो. त्या किरणांच्या पट्ट्यात धूळ झगमगते. पट्ट्याबाहेर तीच धूळ असून नसल्यासारखी. अवकाशातला बर्फ याहून निराळं काही करत नाही.

तरीही खरी कुस्ती एसटीएस-७५ वर लागते. फेब्रुवारी १९९६ मध्ये कोलंबिया यानाने इटलीचा एक उपग्रह लांबलचक तारेला बांधून सोडला होता. १९ किलोमीटरहून जास्त तार सुटल्यावर ती तुटली. पुढे शंभराहून अधिक किलोमीटरवरून तिचं चित्रण झालं, तेव्हा तिच्याभोवती खाच पडलेल्या गोल चकत्यांचा थवा पोहताना दिसला. चकत्या तारेच्या मागून जाताना दिसतात, म्हणजे त्या तारेहून लांब, म्हणजे काही किलोमीटर रुंद, म्हणजे झालंच! सभा इथे उभी राहते.

आता त्या तारेकडे नीट पाहा. ती जेमतेम अडीच मिलिमीटर जाड होती. एवढ्या अंतरावरून ती दिसायलाच नको. पडद्यावर मात्र नळकांड्याएवढी दिसते. कारण उजेडाने कॅमेरा दिपला होता आणि तार फुगून पांढरी झाली होती. पांढऱ्यावरून पांढरा कण गेला तर तो पुढून गेला तरी मागून गेल्यासारखाच दिसणार. चकत्यांचा गोलपणा आणि ती खाच, दोन्ही कॅमेऱ्याची देणगी : भिंगाजवळचे कण फोकसबाहेर गेले की सगळे एकाच साच्यातले दिसतात. हजारो परग्रहवासीयांनी एकाच कारखान्यातून, एकाच बाजूला खाच पाडून गाड्या घ्याव्यात, हे पटायला जड आहे.

अपोलो-१६ च्या १९७२ मधल्या तबकडीचं प्रकरण थोडक्यात उरकतो. ती यानाच्याच दांड्यावरचा दिवा निघाली.

सभेत एक मध्यममार्गी पंथही आहे : 'काय बी असंल, पर कायतरी हाय.' त्यांच्यासाठी घरचं उदाहरण. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ-खानदेशाच्या आकाशातून जळते लोळ गेले. उल्का म्हणाले, तबकडी म्हणाले. मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. तो चिनी लाँग मार्च रॉकेटचा अवशेष होता. म्हणजे कायतरी होतं खरं, आणि त्याला तबकडी म्हणायची गरज पडली नाही.

या शास्त्रातला एकमेव प्रयोगही नोंदवतो. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांना यानाबाहेर काजव्यांसारखे कण चमकताना दिसले. तीन महिन्यांनी स्कॉट कार्पेंटर वर गेले आणि त्यांनी यानाची भिंत आतून ठोकली. बाहेर काजवे उडाले. यानाच्या अंगावर दव गोठलं होतं, ते झडलं. नुसतं बघून तर्क लढवण्यापेक्षा ठोकून पाहणारा हा माणूस आमच्या कठड्यावर शोभला असता.

सबब निर्णय : हिमपक्ष विजयी. ज्यांना अपील करायचं असेल त्यांनी मोहिमेचं नाव, तारीख, वेळ, सूर्य कुठे होता आणि कॅमेरा कुठे रोखला होता, एवढं कागदावर लिहून आणावं. नुसती 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' असं लिहिलेली चित्रफीत पुरावा म्हणून दाखल करून घेतली जाणार नाही.