आधी आपणच हसून घ्यावं

अमरावतीत माणसाचं अंग ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून इथं शरीरं घडवतंय. १९३६ साली मंडळाची तुकडी थेट बर्लिन ऑलिम्पिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. त्याच गावात मीही घडलो, पण गिलावड्याच्या गाडीवर. लहानपणी मल्लखांबाला मिठी मारली होती. ती मिठीच राहिली, वर काही सरकलो नाही.

अकोल्याची मावशी दारातच विचारते, "काऊन रे बाप्पा, कोन्त्या चक्कीचं पीठ खातं?" म्हणून हल्ली लग्नाच्या मांडवात मीच आधी ओरडतो, "माह्यासाठी दोन खुर्च्या लावा गा!" लोक हसतात, मावशीचा वार वाया जातो आणि पानात जिलेबी वाढून येते.

नटमंडळींचंही हेच. भारत गणेशपुरे आमच्याकडचे. २०१४ ला सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात त्यांनी वऱ्हाडी बोली घरोघर नेली. हिरोच्या साच्यातले नसूनही नेली, हे आम्हा साच्याबाहेरच्यांना विशेष आवडलं. भाऊ कदमांच्या रंगावर, अंगकाठीवर तिथं कोट्या व्हायच्या आणि त्यात भाऊच पुढे. पण पुरुषाचं पोट टाळ्या घेतं. तेच बाईला सुटलं की मोबाइलवर अनोळखी भाऊ डाएट सांगायला हजर. मग तीही आधीच स्वतःची टिंगल करून मोकळी होते. याला आपण दिलखुलासपणा म्हणतो. मला तो विम्याचा हप्ता वाटतो.

विनोदी अभिनेत्री वनिता खरातने तो हप्ता भरणं थांबवलं. 'कबीर सिंग'मध्ये (२०१९) शाहिद कपूर तिच्या मागे धावला, तेव्हा थिएटर खदखदलं. धावण्याला की धावणाऱ्या अंगाला, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. २०२१ मध्ये मात्र तिने एका दिनदर्शिकेसाठी विवस्त्र छायाचित्र काढून घेतलं आणि आपल्या शरीराचा अभिमान आहे असं सरळ सांगितलं. टीव्हीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये पोट धरून हसायला लावणाऱ्या बाईने इथं एकही विनोद केला नाही. हसायला टपलेल्यांची पंचाईत झाली.

तो फोटो मी मावशीला दाखवला. तिनं चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं.

"हे पोरगी तं आपल्याच घरातली दिसते वं माय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत, "तू बी काढ. पन तुले जानेवारी-फेब्रुवारी दोन्ही पानं लागतीन."