सरहद्दीवरची अंडी

बर्ड फ्लूने कोंबड्यांचा फडशा पाडला आणि मार्च 2025 मध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव सहा डॉलरच्या वर गेला, तेव्हा सीमावर्ती शहरांतील काही काटकसरी गृहस्थांना पलीकडच्या मेक्सिकोतील तिहुआना आणि हुआरेसमधील स्वस्ताई खुणावू लागली. परंतु मेक्सिकोतून कच्ची अंडी आणण्यास पक्ष्यांच्या रोगभयास्तव मनाई असल्याने, अमली पदार्थ हुडकण्यात तरबेज झालेल्या सीमाशुल्क खात्याला, म्हणजे सरहद्दीवर मालाची झडती घेणाऱ्या यंत्रणेला, डिकीतले अंड्यांचे ट्रे जप्त करण्याची कामगिरी पार पाडावी लागली. माल जाहीर न केल्यास सुमारे 300 डॉलरचा दंड बसू शकतो, त्यामुळे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लागतो, हा सिद्धांत मुक्त व्यापाराच्या पाठ्यपुस्तकांत समाविष्ट करण्यास आता हरकत नसावी.