बॅग कुणाची, भरतंय कोण!

"भडंग किती करू हो? दोन किलो पुरेल?"

शेजारच्या वहिनींनी भिंतीपलीकडून विचारलं, तेव्हा मला वाटलं यांच्याकडं केळवण आहे. "माणसं किती?" म्हटलं. "असतील हजारांत," म्हणाल्या. "पण सगळ्यांना कुठं द्यायचंय!"

मग उलगडा झाला. त्यांची सून मुंबईला चाललीय. लग्नाला नाही, परीक्षेला नाही, सॉफ्टवेअरच्या संमेलनाला. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत कुणी चार दिवस गावाला निघालं की बॅग त्याच्या घरात भरली जात नाही, कंपाउंडच्या भिंतीवर भरली जाते. त्यामुळं पाडव्यापासून गल्लीला दुसरा विषय नाही.

संमेलनाचं नाव वर्डकॅम्प एशिया. वर्डप्रेस म्हणून एक सॉफ्टवेअर आहे, २००३ साली निघालेलं, फुकट मिळतं, आणि जगातल्या दर दहा वेबसाइटमागं चार तरी त्याच्यावर चालतात. सूनबाईचं सगळं काम त्याच्यावरच. तासगावचे बेदाणा व्यापारी, मिरजेचा दातांचा डॉक्टर, एक मंगल कार्यालय, आणि माहेर साताऱ्याचं असल्यामुळं कासच्या वाटेवरची दोन-तीन होमस्टे. ते सॉफ्टवेअर वापरणारे आणि बनवणारे वर्षातून एकदा आशियाभरातून एकत्र जमतात. पहिला बेत २०२० ला बँकॉकचा होता, तो करोनानं मोडला. मग २०२३ ला बँकॉकलाच झालं, पुढं तैपेई, गेल्या वर्षी मनिला. यंदा ९ ते ११ एप्रिल, मुंबईत, बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये.

"परदेशात होतं तेच बरं होतं," वहिनी म्हणतात. "पासपोर्ट, व्हिसा, वजन म्हटलं की कुणी मध्ये बोलत नाही. मुंबई म्हटल्यावर ज्याला त्याला काहीतरी द्यायचंय."

हे त्या स्वतः दोन किलो भडंगाच्या तयारीत असताना म्हणत होत्या.

पहिलं भांडण बॅगेवरूनच. वहिनींनी माळ्यावरून चाकांची मोठी बॅग काढून पुसून ठेवली होती. सूनबाई म्हणाली, सॅक नेणार. मी सुनेच्या बाजूनं. हिचा मुक्काम मुलुंडला आत्याकडं. म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसनं कल्याणला उतरायचं, तिथनं लोकल, आणि पुढं तीन दिवस सकाळच्या गर्दीत मुलुंड ते कुर्ला, कुर्ल्याहून बीकेसी. सकाळी नऊच्या लेडीज डब्यात ज्यांनी पाय ठेवलाय त्यांना विचारा, चाकं कुणाच्या पायावरून जातात ते. वहिनींनी ठेवलेला नाही. त्या मुंबईला गेल्या की टॅक्सीनंच हिंडतात.

तेवढ्यात व्हरांड्यातून त्यांच्या घरातले काका पेपर खाली न घेता म्हणाले, "विष्णुदास भाव्यांनी १८५३ ला अख्खी नाटकमंडळी सांगलीहून मुंबईला नेली. राक्षसांच्या मुखवट्यांसकट. तेव्हा इकडं रेल्वेसुद्धा नव्हती. आणि तुम्हाला एका पोरीची बॅग भरता येईना!"

"मुखवट्यांचं सोपं असतं, ते चार्ज करावे लागत नाहीत," सूनबाई म्हणाली. काकांनी पेपर जरा वर घेतला.

कपड्यांचं मात्र पटकन उरकलं. सुती कुर्ते, कारण मुंबईच्या एप्रिलमध्ये घाम वाळत नाही आणि धुतलेलं तर मुळीच वाळत नाही. इथं आपल्याकडं दुपारी चाळिशीला पारा गेला तरी सावलीत जीव थांबतो, तिथलं ऊन कमी पण दमटपणा जीव काढतो. वर एक जाड ओढणी किंवा स्वेटर, कारण असल्या हॉलांतला एसी म्हणजे महाबळेश्वरचा डिसेंबर. वहिनींचा नारायणपेठीचा आग्रह होता. शेवटच्या संध्याकाळी पार्टी असते असं त्यांनी कुठनं तरी ऐकलं होतं. नारायणपेठ कपाटात परत गेली. चपलांऐवजी वापरून मऊ झालेले बूट. नवे बूट अशा ठिकाणी नेणाऱ्याची मला कीव येते. दिवसभर या हॉलातून त्या हॉलात चालायचं असतं आणि फोड आल्यावर कितीही मोठा वक्ता असो, लक्ष टाचेकडंच.

बॅगेतली खरी वस्तू मला वाटते ती एक्स्टेन्शन बोर्ड. मला हे पटवायला सूनबाईला वेळ लागला नाही, वहिनींना पटवायला लागला. "तेवढ्या मोठ्या हॉलात प्लग नसतील?" असतात की. पण माणसं हजार आणि प्लग भिंतीला. सूनबाई वालचंद कॉलेजची. त्या कॉलेजात वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप म्हणून पोरांचा ग्रुप आहे, आपापल्यात शिकतात, बाहेरच्यांना शिकवतात, कार्यक्रम घेतात. तिथं ही एक गोष्ट शिकली म्हणे, की ज्याच्याकडं एक्स्टेन्शन त्याच्याभोवती माणसं गोळा होतात आणि ओळख करून घ्यायला वेगळं निमित्त लागत नाही. यंदा तर त्यात आणखी गंमत आहे. तैपेई, मनिलाचे लोक चपट्या दोन पिनांचे चार्जर घेऊन येणार आणि आपल्या गोल भोकांपुढं उभे राहणार. म्हणून हिनं सगळ्या जातीच्या पिना बसतील असला बोर्ड घेतलाय. हॉटेलात जाऊन आधी अॅडाप्टर शोधणारा माणूस दुसऱ्या दिवशी हिच्या टेबलाशी बसला, की झाली ओळख. व्हिजिटिंग कार्डांवर पैसे घालवण्यापेक्षा हे बरं.

"पण टेबलाशी बसून करायचं काय?" वहिनींनी विचारलं.

तर पहिला दिवस, गुरुवार, हा भाषणांचा नाही, कामाचा. कॉन्ट्रिब्युटर डे म्हणतात. गट करून टेबलं लावतात. कुणी त्या सॉफ्टवेअरचा कोड सुधारतो, कुणी माहिती लिहितो, कुणी आपापल्या भाषेत भाषांतर करतो. मराठीचंही टेबल असावं अशी हिची खटपट चाललीय. मराठीतलं वर्डप्रेस असंच लोकांनी मिळून केलेलं आहे. कुणीही वाक्य सुचवू शकतं, मात्र भाषेच्या संपादकानं मान्य केल्याशिवाय ते चढत नाही. हिची बरीच वाक्यं मान्यतेच्या रांगेत पडून आहेत. आता संपादकच समोर भेटला तर रांग हलेल, असा हिशेब.

"म्हणजे तिकीट काढून जायचं, आणि वर फुकट काम करायचं?"

"वारीला जाणारे पगार मागतात का आई?"

वहिनी गप्प. त्यांच्या सासऱ्यांनी बरीच वर्षं वारी केलेली.

त्या दिवसासाठी लॅपटॉप तर हवाच, पण बॅगेत न दिसणारं सामान जास्त. खातं घरूनच उघडून ठेवायचं, पासवर्ड आठवतोय ना ते बघायचं, आणि जे काही डाउनलोड करायचंय ते इथंच करून घ्यायचं. शेकडो माणसं एकदम एका वायफायवर बसली की तिथं काही उतरत नसतं. शिवाय एक वही. वहीत तिनं गिऱ्हाइकांच्या तक्रारी उतरवल्यात. बेदाणेवाल्याची साइट सौद्याच्या दिवशीच का रेंगाळते, मंगल कार्यालयाच्या तारखा दोनदा का बुक होतात. असले प्रश्न हातात असले की माणूस संमेलनात बुजत नाही. नुसती भाषणं ऐकायला गेलेला मात्र चहाच्या रांगेत मोबाइल बघत उभा राहतो.

काकांनी आधारकार्डाच्या झेरॉक्स आणि तिकिटाचं प्रिंट काढून आणलं होतं. मोबाइलमध्ये आहे, असं तिनं तीनतीनदा सांगितलं. प्रिंट बॅगेत गेलं. काही गोष्टींवर वाद घालायचा नसतो.

आता खाण्याचं. इथं मात्र दोन जिल्हे आमनेसामने आले.

दुपारचं जेवण तिकिटातच असतं, तेव्हा खायचं न्यायचं ते स्वतःसाठी नाही, वाटण्यासाठी. वहिनींनी भडंग ठरवलं. सांगलीची म्हणून दुसरी कुठली चव सांगणार? शिवाय आठ दिवस टिकतं, सांडलं तर झटकता येतं. हळदीचीही एक पुडी त्यांनी पुढं केली होती. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पाहुण्यांना कळू दे म्हणाल्या. लॅपटॉपशेजारी हळदीची पुडी! ती मीच काढून घेतली आणि आमच्या डब्यात ओतली.

मग फोन आला साताऱ्याहून. विहीणबाई. वहिनींनी स्पीकर लावून मोबाइल भिंतीवर ठेवला, म्हणजे मलाही ऐकू यावं.

"भडंग नेताय म्हणे?" विहीणबाई म्हणाल्या. "परक्या माणसाला पहिल्या घासाला ठसका लावायचा? कंदी पेढे द्या की. तोंड गोड होतं."

"एप्रिलात खवा? मुंबईत?" वहिनी.

"कंदी पेढ्याचा खवा भाजलेला असतो विहीणबाई, साधा नसतो तो."

"भाजलेला असला तरी खवाच."

इतकं साखर घोळून दोघी बोलत होत्या की मला वाटलं आता खरं भांडण होणार. सूनबाईनं मध्ये तोंड घातलं. पेढे बीकेसीपर्यंत तीन दिवस पाठीवर हिंडवायचे नाहीत, ते मुलुंडच्या आत्याला पहिल्याच दिवशी. आत्याला साताऱ्याचे पेढे म्हणजे प्राण. राहता राहिलं भडंग, तर त्यात शेंगदाणे आहेत. आपल्याला त्यात काय वाटणार. पण बाहेरच्या कैक लोकांना शेंगदाण्याची अॅलर्जी असते, साधी खाज नव्हे, दवाखान्यात न्यावं लागेल अशी. तेव्हा भडंगाच्या छोट्या पुड्या करायच्या आणि प्रत्येक पुडीवर इंग्रजीत लिहायचं, शेंगदाणे आहेत, लसूण आहे, तिखट आहे. ते ओळखीच्या आपल्या मंडळींसाठी. आणि सर्रास वाटायला बेदाणा. नवा माल बाजारात आलेला आहेच. त्यालाही २०१६ मध्ये मानांकन मिळालंय. दूध नाही, तिखट नाही, चिकटत नाही, आणि व्यापारी तिचं गिऱ्हाईक असल्यामुळं किलोभर लांब हिरवा बेदाणा घरपोच आलासुद्धा.

मला हा निवाडा आवडला. वहिनींना तितकासा नाही. पण दोन किलोचं भडंग अर्ध्या किलोवर आलं, उरलेलं आमच्या गल्लीत येणार हे कळल्यावर मी जास्त काही बोलले नाही.

एवढं सगळं भरूनही सॅकचा वरचा कप्पा सूनबाईनं मोकळा ठेवला होता. वहिनींना रिकामी जागा बघवत नाही. त्यांनी एक टॉवेल आणि लिंबाच्या लोणच्याची बाटली आणली. "ती जागा येतानाची आहे," सूनबाई म्हणाली. तिथं टी-शर्ट मिळतात, कंपन्या मोजे, पिशव्या, स्टिकर वाटतात. स्टिकरांसाठी आमच्या नातवानंही नाव नोंदवलंय. वापू म्हणून एक पिवळं गुबगुबीत जनावर आहे वर्डप्रेसचं, जपानात जन्मलेलं, आणि गावोगावच्या संमेलनात त्याला तिथला पोशाख चढवतात. मी मोबाइलवर बघितलं. अस्वल म्हणावं तर मांजर वाटतं. टी-शर्टांचं पुढं काय होतं तेही मला ठाऊक आहे. दोन वर्षांनी त्यांनी काकांची स्कूटर पुसली जाणार. पण पोरीला हौस आहे, आणि नसत्या जागी लोणचं फुटण्यापेक्षा रिकामा कप्पा चांगला.

मंगळवारी रात्री दहाच्या सुमारास गाडी. विहीणबाईंनी पेढ्यांचं सगळं मान्य केलं, अगदी पटकन. आत्यालाच द्या म्हणाल्या, पाव किलोच देते, कुणाबरोबर तरी सांगलीला पाठवते. मला तेव्हाच जरा शंका आली. काल संध्याकाळी परत फोन. वहिनींनी परत मोबाइल भिंतीवर ठेवला.

"महालक्ष्मी साताऱ्यात मध्यरात्रीची येते ना हो?"

"हो, पण तुम्ही कशाला त्रास घेता? स्टेशन तुमचं तिकडं माहुलीला, एवढ्या रात्री रिक्षासुद्धा मिळायची नाही."

"त्रास कसला, हे स्कूटर काढतात. पोरगी दिसेल डोळ्याला. बरं, डबा कुठला?"

"बी-टू," सूनबाई म्हणून गेली.

"आणि वरचा कप्पा मोकळा आहे म्हणालीस ना?"